नलार्बोरवरचा गुरुवार

ऑस्ट्रेलियात पर्थहून सायकलने ॲडलेडला जायचं म्हटलं की नकाशावर डांबराचा एकच रस्ता उरतो, नलार्बोर नावाच्या ओसाड मैदानातून जाणारा आयर हायवे. पश्चिमेला नॉर्समन, पूर्वेला पोर्ट ऑगस्टा, मध्ये साधारण १,६६० किलोमीटर. वाटेत गावं जवळपास नाहीतच. साठ ते दोनशे किलोमीटरवर एकेक रोडहाऊस: पेट्रोलपंप, त्याला चिकटून जेवणाची खोली, मागे चार-दोन मोटेलच्या खोल्या आणि तंबूसाठी धुळकट जागा. मी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तिकडच्या वसंतात गेले, पश्चिमेकडून पूर्वेकडे. बहुतेक सायकलवाले हीच दिशा धरतात, कारण हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला वारा पश्चिमेकडून असतो आणि पाठीवर मिळतो. निदान मिळायला हवा.

पहिल्या टप्प्याबद्दल फार लिहीत नाही. बॅलाडोनियाला १९७९ मध्ये आकाशातून पडलेल्या स्कायलॅब या अमेरिकी अवकाशस्थानकाचा तुकडा पाहिला. त्यापुढचा १४६.६ किलोमीटरचा सरळसोट रस्ता एकदाही हँडल न वळवता पार केला. त्यावर इतक्या लोकांनी लिहिलंय की माझी भर नको. रोज संध्याकाळी भात, त्यावर मेतकूट आणि तूप. तूप थंडीत थिजायचं आणि दुपारी पॅनियरमध्ये, म्हणजे सायकलच्या बाजूच्या पिशवीत, वितळून कपड्यांना वास लावायचं. तुपाला घट्ट झाकणाचा डबा घ्या, एवढं ऐका.

सोमवार: मुंद्राबिल्ला ते युक्ला

६६ किलोमीटर, वारा पाठीवर, दुपारच्या आत पोचले. डावीकडे पठाराची कड, उजवीकडे समुद्राच्या बाजूला सपाट मैदान आणि शेवटी युक्लाचा छोटासा चढ. साताऱ्यात वाढलेल्या माणसाला त्याला घाट म्हणवत नाही.

संध्याकाळी वाळूच्या टेकड्यांमधलं जुनं तारघर पाहायला खाली उतरले. १८७७ मध्ये सुरू झालेली ही दगडी इमारत आता अर्धीअधिक वाळूत गेली आहे. तेव्हा पश्चिम आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या दोन्ही वसाहतींचे मोर्स कोड वेगळे होते. त्यामुळे एका बाजूच्या तारबाबूने तार उतरवून घ्यायची, कागद शेजारी बसलेल्या दुसऱ्या बाजूच्या तारबाबूच्या हातात द्यायचा आणि त्याने आपल्या कोडमध्ये ती पुढे ठोकायची. सरकारी कारभार कुठेही गेलात तरी ओळखीचा वाटतो.

इथलं घड्याळही असंच. युक्लाच्या आसपासचा पट्टा पर्थच्या पाऊण तास पुढे चालतो. पुढे दक्षिण ऑस्ट्रेलियात ऑक्टोबरमध्ये उन्हाळी वेळ लागलेली असते, म्हणजे आणखी पावणेदोन तासांची उडी. मी नलार्बोर रोडहाऊसपर्यंत युक्लाचीच वेळ ठेवली. खालच्या सगळ्या वेळा त्याच आहेत.

मंगळवार: युक्ला ते बॉर्डर व्हिलेज

बारा-तेरा किलोमीटरच. बाकी दिवस धुणं, चेन पुसणं आणि खाणं. सकाळी तंबू दवाने निथळत होता. ज्याच्या नावाचा हा हायवे, तो एडवर्ड जॉन आयर १८४१ मध्ये याच किनाऱ्याने पश्चिमेकडे चालत गेला, तेव्हा तो झुडपांवरचं दव स्पंजने टिपून प्यायचा. जिथे गोडं पाणी मिळालं, तिथल्या विहिरी त्याला स्थानिक आदिवासींनीच दाखवल्या होत्या. हे वाचलेलं होतं, म्हणून मीही रुमालाने तंबू पुसून पिळून पाहिला. दोन चमचे पाणी आणि नायलॉनची चव.

पुढचं नलार्बोर रोडहाऊस इथून १८४ किलोमीटर. मध्ये नळ नाही, दुकान नाही, फोनला रेंज नाही. रोडहाऊसच्या बाईने संगणकावर अंदाज दाखवला: बुधवार-गुरुवार सौम्य, शुक्रवारी उत्तरेचा गरम वारा, संध्याकाळी बदल, म्हणजे वारा फिरून गार होणार. दोन दिवसांत अंतर कापायचं, मध्ये एक मुक्काम, गरम वाऱ्याच्या आधी पोचायचं, असा बेत ठरला. पाणी घेतलं सोळा लिटर.

पाण्याबद्दल थोडं. या रस्त्यावर पाणी फुकट गृहीत धरू नका. रोडहाऊसना ते बोअरचं खारं पाणी शुद्ध करून किंवा टँकरने आणून मिळवावं लागतं. नळाशी ‘पिण्यासाठी नाही’ अशी पाटी असते, अंघोळीला नाणी टाकावी लागतात. विचारलं तर बहुतेक जण बाटल्या भरून देतात, पण आधी काहीतरी विकत घ्या आणि मग विचारा. आणि हिशेब किलोमीटरवर करू नका, तासांवर करा. ‘शंभर किलोमीटरला पाच लिटर’ हे वाक्य वारा कुठून आहे ते कळेपर्यंत निरर्थक असतं.

बुधवार: बॉर्डर व्हिलेज ते रेस्ट एरिया, ८० किमी

उजवीकडे बुंडा नावाचे किनाऱ्याचे कडे सुरू झाले. हायवेवरून ते दिसत नाहीत. मध्येच एखादी कच्ची वाट दक्षिणेला फुटते, पाच मिनिटं खडखडत जायचं आणि एकदम जमीन संपते. खाली साठ-सत्तर मीटरवर दक्षिणी महासागर. चुनखडीचा कडा खालून पोखरलेला असतो, म्हणून टोकाला उभं राहून फोटो काढू नका. मी पोटावर झोपून, हेल्मेट घालून, डोकं तेवढं पुढे काढून पाहिलं.

तिथेच क्वीन्सलंडचं एक आजी-आजोबांचं जोडपं भेटलं. घर विकून कॅरॅव्हॅन घेतली आणि निघाले, इतका साधा हिशेब. आजीने चहा दिला, फ्रूटकेक दिला आणि मी नको म्हणत असताना चार संत्री पॅनियरच्या खिशात कोंबली. आजोबांना फक्त माझे टायर पाहायचे होते. ते पन्नास मिलीमीटर रुंदीचे, आतून जाड. तरी काट्याने दोनदा पंक्चर काढायला लावलं होतं. इकडे त्या काट्याला डबलजी म्हणतात, आपल्या सराट्याचा भाऊबंदच.

चार वाजता रेस्ट एरियात तंबू. सोळातलं पाच लिटर संपलं होतं, अकरा शिल्लक. अंतर उरलं १०४.

गुरुवार: रेस्ट एरिया ते नलार्बोर रोडहाऊस, १०४ किमी

साडेतीनला जाग आली ती तंबूच्या फडफडण्याने. बाहेर हात काढला तर वारा उबदार. पहाटे साडेतीनला, ऑक्टोबरमध्ये, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उबदार वारा! तंबू कोरडा ठणठणीत. शुक्रवारचा वारा गुरुवारीच आला होता.

अंधारात निघता येत नाही. पहाटे कांगारू रस्त्यावर असतात आणि कांगारूंना चुकवणारे ट्रकही. सव्वापाचला उजाडलं तशी निघाले. वारा ईशान्येचा, म्हणजे समोरून आणि डावीकडून. पहिल्या तासात दहा किलोमीटर झाले. दुसऱ्यात नऊ.

घाटात दम लागतो, पण घाटाला माथा असतो, तो दिसतो, मनाशी वळणं मोजता येतात. समोरच्या वाऱ्यात तसलं काही नसतं. रस्ता सपाट, डोळ्यांना सगळं सोपं दिसतंय आणि आपण सगळ्यांत हलक्या गिअरमध्ये धापा टाकतोय. कानात एकच घोंघावणारा आवाज, तासन् तास. थोड्या वेळाने त्याचाच राग यायला लागतो. मी मोठ्याने शिव्या दिल्या, अस्सल सातारी. ऐकायला कोणी नव्हतं, हा या रस्त्याचा एक फायदा.

माश्यांचंही सांगते. एवढ्या वाऱ्यात त्या तोंडावर टिकत नाहीत. त्या आडोसा शोधतात, आणि शंभर मैलांत आडोसा एकच: माझी पाठ. मागे हात फिरवला की काळा थर उठायचा आणि पुन्हा बसायचा. थांबून पाणी प्यायला तोंड उघडलं की सगळ्या पाठीवरून पुढे, डोळ्यांच्या कोपऱ्यात, नाकाशी, बाटलीच्या कडेवर. तोंडावर घ्यायची जाळी इथे शोभेची वस्तू नाही. पर्थमध्येच घेऊन ठेवा, वाटेतल्या रोडहाऊसवर दुप्पट पैसे पडतात.

आणि रोड ट्रेन. दोन ट्रेलर जोडलेला, साडेछत्तीस मीटरपर्यंत लांब ट्रक. समोरून आला की आधी हवेची भिंत छातीवर आदळते. मागून आला की त्याच्या हवेच्या धक्क्याने सायकल क्षणभर आपसूक डावीकडे झुकते, आणि ट्रक पुढे गेला की तोच वारा दुप्पट जोराने उजवीकडे, रस्त्याच्या मध्याकडे ढकलतो. समोरून आणि मागून दोन ट्रक एकाच वेळी माझ्याजवळ येणार असं आरशात दिसलं की मी सरळ खडीत उतरायचे. हक्कबिक्क शहरात. आरसा आणि यूएचएफ रेडिओ हे दोन्ही मी या रस्त्यावर हेल्मेटइतकेच महत्त्वाचे मानते. रेडिओ चाळीस नंबरच्या चॅनलवर ठेवायचा आणि मागे ट्रक दिसला की सांगायचं: सायकल आहे, पूर्वेला चालली आहे, मी बाजूला होते. ट्रकवाल्यांना ते आवडतं. पुढचा ट्रकवाला मागच्याला कळवतो, आणि तासाभरात अख्ख्या हायवेला आपण कुठे आहोत ते ठाऊक असतं.

साडेनऊला अडतीस किलोमीटर झाले होते, तापमान चौतीस. अकराला अडतीस. सायकलच्या कॉम्प्युटरवर मघाशी किलोमीटर जो आकडा दाखवत होते तोच आता तापमान दाखवू लागलं, हे मला फार विनोदी वाटलं आणि मी एकटीच हसले. हे काही चांगलं लक्षण नव्हतं. थांबून मिठाचं पाणी प्यायले, दोन चिक्क्या खाल्ल्या, डोक्यावरचा रुमाल भिजवला. दहा मिनिटांत तो वाळून कडक झाला.

या प्रदेशात डिसेंबर २०१९ मध्ये नलार्बोरला ४९.९ अंश नोंदले गेलेत. त्यापुढे माझे चाळीस काहीच नाहीत. आणि १८९६ मध्ये आर्थर रिचर्डसन नावाचा तरुण कूलगार्डीहून ॲडलेडला सायकलने गेला, ३१ दिवसांत, तारेच्या खांबांच्या कडेने. तेव्हा हा रस्ताच नव्हता. दक्षिण ऑस्ट्रेलियातला भाग डांबरी व्हायला १९७६ उजाडलं. त्याच्याकडे गिअर नव्हते, पाण्याची एक पखाल होती. अशा वेळी असली माहिती आठवून धीर येतो म्हणतात. मला रिचर्डसनचाही राग आला.

साडेबाराला पन्नासच्या पुढे गेले होते आणि वेग सातवर आला होता. पाणी साडेचार लिटर. अंतर उरलं पन्नास. सात तास लागणार, तासाला लिटरभर लागतंय. म्हणजे अडीच लिटर कमी. पाण्याचा हा हिशेब मी रस्त्याच्या कडेला उभी राहून दोनदा केला, दोन्ही वेळा तेच उत्तर आलं.

मागे ट्रक दिसला, मी रेडिओवर नेहमीचं वाक्य म्हटलं. उत्तर आलं, इंग्रजीत, की दिसलीस. मग थोडा वेळ नुसती खरखर आणि मग: “इंडियन हो क्या?”

“हां जी.”

“अकेले? साइकल पे?” पुन्हा खरखर. “आगे दीड किलोमीटर पे पार्किंग बे है. मेरा ब्रेक ड्यू है. आ जाओ.”

दीड किलोमीटरला मला बारा मिनिटं लागली. तो जालंधरकडचा, तिशीतला, ॲडलेड-पर्थ-ॲडलेड अशा फेऱ्या मारणारा. या हायवेवर पंजाबी ड्रायव्हर पुष्कळ आहेत. रेडिओवर रात्री पंजाबी ऐकू येतं हे मी आधी ऐकलं होतं. ट्रक त्याने पूर्व-पश्चिम उभा केला होता. दक्षिण गोलार्धात दुपारचं ऊन उत्तरेकडून येतं आणि त्या दिवशी वाराही तिकडूनच होता. त्यामुळे ट्रेलरच्या दक्षिण बाजूला सावली आणि आडोसा दोन्ही एकदम मिळाले. मी टायरला टेकून बसले आणि पहाटेपासून पहिल्यांदा कान शांत झाले.

त्याने केबिनमधल्या फ्रीजमधून पाणी काढलं, डब्यातून चार पराठे आणि काचेच्या बरणीतून आंब्याचं लोणचं. लोणचं घट्ट, मोहरीच्या तेलातलं, फोडीला कोय चिकटलेली. मला मोहरीचं तेल आवडत नाही. त्या दिवशी बोटं चाटून खाल्लं. “दीदी, घर पे सब ठीक है ना?” असं त्याने फार काळजीने विचारलं. घरी काही बिनसल्याशिवाय बाईमाणूस इथे सायकल घेऊन कशाला येईल, हा त्याचा तर्क. सगळं ठीक आहे म्हटल्यावर त्याला आणखीच काळजी वाटली.

मग त्याने कामाचं सांगितलं. सकाळी नऊला तो मदुराला असताना वारा फिरला होता. नैर्ऋत्येचा झाला, गार, जॅकेट घालावं लागलं. मदुरा माझ्या मागे सव्वातीनशे किलोमीटर. तो नव्वदने आला, बदल पन्नास-साठने येणार. आम्ही दोघांनी ट्रेलरच्या धुळीवर बोटाने गणित मांडलं. उत्तर आलं: दुपारी तीनच्या सुमारास.

ट्रकमध्ये ये म्हणाला नाही. कंपनी परवानगी देत नाही हे त्यानेच अपराधी चेहऱ्याने सांगितलं. मी विचारणारही नव्हते. तीन लिटर पाणी, उरलेले दोन पराठे आणि लोणच्याची अख्खी बरणी देऊन तो गेला. जाताना रेडिओवर मागच्या सगळ्यांना सांगत होता की बे मध्ये एक बाई बसली आहे, तिला बघत जा.

मी सायकल चालवणं बंद केलं. वारा समोरून असताना तासाला सात किलोमीटरसाठी लिटर-लिटर पाणी घालवण्यापेक्षा बसून अर्ध्या पाण्यात तीन वाजवणं शहाणपणाचं. पार्किंग बेच्या कडेला माली नावाच्या बुटक्या निलगिरीचं कमरेएवढं खुरटं झुडूप होतं. हायवेवर खरा बोडका पट्टा शेवटी रोडहाऊसच्या आसपासच लागतो, तोवर अशी झुडपं भेटतात. त्याच्या आडोशाला ताडपत्री बांधली आणि आत पडून राहिले. दोन कॅरॅव्हॅन थांबल्या. दोघांनीही आधी विचारलं, “तू ती बाई का?”

पावणेतीनला तापमान एक्केचाळीस. मग वारा पडला. कानातला आवाज थांबला, माश्या अचानक तोंडावर आल्या आणि नैर्ऋत्येला क्षितिजावर मातकट पट्टी दिसली. ताडपत्री सोडेपर्यंत पहिला झोत आला. गार, ओला, समुद्री शेवाळाचा वास असलेला. झुडूप उलट्या बाजूला वाकलं. पंधरा मिनिटांत कॉम्प्युटर सव्वीस दाखवत होता, थोड्या वेळाने बावीस. मी एक्केचाळीसमध्ये सोडलेलं जॅकेट बावीसमध्ये शोधत होते.

उरलेलं अंतर पावणेदोन तासांत झालं. बऱ्याच वेळ पायांना काही कामच नव्हतं. झुडपं संपली, नुसतं करडं-निळसर सॉल्टबुश चारी बाजूंना, आणि त्यात दूरवर रोडहाऊसचे पत्रे चमकले. अंघोळीची नाणी टाकली, वेळ संपली, पुन्हा टाकली. पायाखालून तांबडं पाणी वाहत होतं.

शुक्रवार: हेड ऑफ बाइट

रोडहाऊसपासून वीस किलोमीटर हायवे आणि मग दक्षिणेला बारा किलोमीटर डांबरी फाटा. अंटार्क्टिकाच्या बाजूने सदर्न राइट जातीचे देवमासे हिवाळ्यात इथे पिल्लं घालायला येतात आणि ऑक्टोबरअखेर परत जातात. मला उशीरच झाला होता. तरी लाकडी मार्गिकेवरून एक आई आणि पिल्लू दिसलं, अगदी किनाऱ्यालगत. पिल्लू आईच्या पाठीवर चढायचा प्रयत्न करून घसरत होतं. दीड तास तेवढंच पाहिलं. जून ते ऑगस्टमध्ये आलात तर जास्त दिसतील, पण तेव्हा रात्री थंडी कडक असते.

शनिवार ते सोमवार: सेदूनापर्यंत

यालाटा ही अनंगू आदिवासींची वस्ती. १९५२ मध्ये उत्तरेकडच्या ऊल्डियाचं मिशन बंद झालं आणि तिथल्या लोकांना इथे आणून वसवलं. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, त्यांच्या मूळ प्रदेशात मारालिंगाला ब्रिटनने अणुचाचण्या सुरू केल्या. हायवेवरून यातलं काही दिसत नाही. उंट, वॉम्बॅट आणि कांगारूंच्या पिवळ्या पाटीजवळ मात्र सगळे थांबून फोटो काढतात. मीही काढला.

नन्ड्रूनंतर गव्हाची शेतं सुरू झाली. कुंपणं, मेंढ्या, माणसांची चाहूल. पेनाँगला जुन्या पवनचक्क्यांचं उघडं संग्रहालय आहे. त्यात ऑस्ट्रेलियातली सगळ्यांत मोठी म्हणून मिरवणारी, पस्तीस फूट व्यासाची एक आहे आणि तिचं नाव ब्रूस. बेकरीत पाय न ठेवता पुढे जाऊ नका.

सेदूनाच्या वेशीवर फळमाशीची तपासणी असते. पूर्वेकडे जाणाऱ्यांना फळं-भाज्या पुढे नेता येत नाहीत, सायकलवाल्यांनाही सूट नाही. आजींची चार संत्री मी तोवर पुरवून ठेवली होती. अधिकाऱ्याने टोपली दाखवली. मी विचारलं, इथेच खाल्ली तर चालेल का? चालेल म्हणाला, सालं मात्र टोपलीत. त्याने खुर्ची दिली. चारही संत्री एका बैठकीत संपवली. मागे एक ट्रक आणि दोन गाड्या रांगेत थांबल्या होत्या. लोणच्याची बरणी त्याने उजेडात धरून दोनदा फिरवली, हुंगली आणि परत दिली.

गावात सुपरमार्केटमध्ये किलोचा दह्याचा डबा घेतला आणि बाहेरच्या बाकावर बसून शिळा भात कालवून खाल्ला, लोणच्याबरोबर. पोर्ट ऑगस्टापर्यंतचा पुढचा भाग शेतांचा आणि जवळजवळच्या गावांचा आहे, तो नंतर सवडीने लिहीन.